शक्यतो

हेस्टर : बिस्किटं नंतर खा, लवेलसाहेब. आधी सांगा, आमच्या गावच्या आराखड्यात 'शक्यतो' हा शब्द कोणी घुसडला?

लवेल : घुसडला नाही हो, सुचवला. तुम्ही गावच्या पॅरिश कौन्सिलच्या सचिव, तुम्हाला ठाऊकच आहे. गावाने आराखडा करायचा, आम्ही जिल्हा कौन्सिलने मदत—

हेस्टर : मदत! चार वर्षं चाललीय तुमची मदत. तुम्ही तिसरे. पहिल्या बाई नकाशा देते म्हणाल्या आणि बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. दुसऱ्याने सगळ्यांची मतं पुन्हा गोळा करायला लावली. दोनशे अकरा घरं! या अँब्रोजचे गुडघे गेले त्यात.

अँब्रोज : गुडघे आधीचेच गेलेत. तू शब्दाचं बोल.

हेस्टर : आम्ही लिहिलं, 'नदीकाठच्या कुरणात घरं बांधता येणार नाहीत.' यांनी केलं, 'शक्यतो बांधू नयेत.'

लवेल : इतकी ताठर भाषा सरकारी तपासनीस मान्य करत नाहीत. आराखडाच परत आला, तर हातात काय राहील तुमच्या?

हेस्टर : आणि असा मंजूर झाला तर काय राहील? बिल्डरचा चाळीस घरांचा अर्ज तुमच्याच टेबलावर पडलाय. त्याच्या वकिलाला हा एक शब्द पुरे.

लवेल : ते पुराचं पाणी उपसायला पंप बसवणार आहेत.

अँब्रोज : विजेवर चालणारे?

लवेल : अर्थात.

अँब्रोज : पुरात सगळ्यात आधी वीज जाते, बाबा.

लवेल : मला पटतं हो तुमचं. पण माझ्या हातात—

हेस्टर : पेन आहे तुमच्या हातात! तेच तर सांगतेय मघापासून.

लवेल : (कप खाली ठेवत) भिंतीवर ही रेघ कसली?

हेस्टर : पोरांची उंची मोजलीय. इतके महिने येता-जाताय, आज दिसली होय?

अँब्रोज : पाण्याची आहे. बारा वर्षं झाली. आणि हा हॉल कुरणापेक्षा चार फूट उंचावर.

लवेल : तुमचं घर...?

अँब्रोज : कुरणाला लागून. माझ्या बायकोला, विनीला, जिना चढवत नव्हता, म्हणून तिची खाट खाली घातली होती. मी गाय सोडायला गेलो होतो. परत पोचेपर्यंत...

लवेल : मला कोणी सांगितलं नव्हतं.

हेस्टर : पान सतरावर होतं सगळं. तुम्हीच म्हणालात, भावनिक मजकूर काढा.

अँब्रोज : राहू दे, हेस्टर. साहेब, ते पेन घ्या. त्या रेघेखाली लिहा तेवढं, 'शक्यतो'.