निळ्या चौकडीचा शर्ट

आई : आणखी टाक. लसणाला काय घाबरतेस?

लेक : अख्खा गड्डा झाला, आई. शेजारचे विचारायला येतील.

आई : येऊ देत. ह्या घरात लसूण शिजलाच कधी? नुसता वास आला तरी तुझे बाबा दुकानातून वर जेवायला यायचे नाहीत.

लेक : आणि तू मुकाट्यानं सोडून दिलास.

आई : सोडते कसली! माहेरी गेले की हावरटासारखी खायचे. हलव, करपेल. बटाटे त्यातच टाक, झाकण ठेव आणि इकडे ये. गोधडीचा हा कोपरा धर. ताणून धर गं, झोळ पडतोय.

लेक : धरला. बघ, कशी मजा येतेय. उगीच सकाळपासून तोंड पाडून बसली होतीस.

आई : मजा येतेय म्हणूनच तर घास उतरायचा नाही. एव्हाना डबा घेऊन पोचले असते मी. तिकडे दाराकडे डोळे लावून बसले असतील.

लेक : त्यांना निरोप गेलाय. मी स्वतः नर्सबाईंना सांगितलं, आईला ताप आहे, आज यायची नाही.

आई : चांगल्या धडधाकट बाईला ताप आणलास.

लेक : मग काय सांगायचं होतं? आईला एक दिवस घरी बसून गोधडी शिवायचीय? त्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून एक दिवस चुकवला नाहीस तू. जरा आरशात बघ. रजा टाकून आलेय ती तुला बसवायला. खोटं माझं, पाप माझं. तू टाके घाल.

आई : पाप असं वाटून घेता आलं असतं तर काय हवं होतं!

लेक : चल, पुरे. हा तुकडा छान आहे गं, निळ्या चौकडीचा. दुकानातल्या चिंध्या अजून उरल्यात?

आई : आहेत थोड्या. तू बटाटे बघ.

लेक : आत्ता तर टाकलेत. हे काय, इथं काहीतरी शिवून बंद केलंयस. भोक होतं?

आई : असेल. बोट अडकतं त्यात, म्हणून शिवून टाकलं.

लेक : एक नाही, ओळीनं आहेत. आई, ही काजं आहेत. हातानं केलेली. इतकी बारीक काजं एकच माणूस करतो.

आई : झाकण पडलं बघ तिकडे.

लेक : काही पडलेलं नाही. हा बाबांचा शर्ट आहे. हा करड्या रेघांचाही त्यांचाच. किती कापलेस?

आई : कपाट रिकामं झालं.

लेक : अगं, बाबा आहेत अजून!

आई : ओरडू नकोस. मला माहीत नाही का? रोज भरवते मी त्यांना.

लेक : मग?

आई : मग काय. उजवा हात गेला. बटण लावता येत नाही म्हणून तिथं रोज डोक्यातून काहीतरी ढगळ अडकवतात. जन्मभर दुसऱ्यांचे शर्ट शिवलेला माणूस! आणि इथं कपाट उघडलं की त्यांचे सगळे शर्ट इस्त्री केलेले, शहाण्यासारखे लटकलेले. पलंगही केवढा मोठा झालाय. थंडी वाजते गं मला. वाटलं, निदान अंगावर घ्यायला तरी त्यांचं काहीतरी असावं.

लेक : त्यांना विचारायचंस तरी.

आई : कुठल्या तोंडानं विचारू? गिऱ्हाईक हो म्हणाल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हे त्यांनी दुकानातल्या कारागिरांना शिकवलं, मला शिकवलं, तुला शिकवलं. विचारायचं म्हणजे सांगायचं, की तुम्ही आता घरी यायचे नाही असं धरून चाललेय मी.

लेक : आणि चाललीयस का तसं धरून?

आई : गॅस बारीक कर.

(फोन वाजतो.)

लेक : त्यांचाच आहे. तुझ्या हातात सुई आहे, थांब, मोठ्या आवाजावर लावते. हं, बाबा, बोला.

बाबा : तू कशी काय तिथं?

लेक : रजा टाकली. आईला बरं नव्हतं ना.

बाबा : बरं केलंस. काय गं, ताप कसा आहे?

आई : आहे... उतरतोय हळूहळू.

बाबा : आवाज किती बसलाय तुझा. झोपून राहा. उद्यासुद्धा येऊ नकोस, माझं काही अडत नाही. आज इथलंच जेवलो.

आई : काय होतं?

बाबा : मऊ भात आणि काहीतरी पांढरं. वाईट नव्हतं. ऐक, तुला समोर बसवून सांगणार होतो, पण राहवत नाही. डॉक्टर मला रविवारी घरी सोडतायत. दिवसभर. संध्याकाळी परत.

लेक : खरंच, बाबा?

बाबा : खोटं कशाला बोलू? आणि अगं, माझा तो निळ्या चौकडीचा शर्ट इस्त्री करून पाठव हिच्याबरोबर.

लेक : बटणांचा कशाला, बाबा? मी नवा टी-शर्ट आणते, सुटसुटीत...

बाबा : बटणांचाच हवा. आज मी बटण लावलं. डाव्या हातानं.

आई : तुम्ही?

बाबा : नाहीतर कोण? ती व्यायामवाली मुलगी रोज एक जुनी बटणपट्टी देते मांडीवर. घाम निघायचा नुसता. शिंप्याला बटण लावता येत नाही, म्हणून हसायचोही आम्ही. तुला बोललो नाही, म्हटलं जमलं की दाखवू. आज सकाळी जमलं. मग बसलो तुझी वाट बघत.

लेक : बाबा...

बाबा : रविवारी तुझ्या आईसमोर उभा राहून लावीन. वरपासून खालपर्यंत. तोवर जेवण गार झालं तर होऊ दे. ऐकतेयस ना गं?

आई : अहो, तो शर्ट नाहीये.

लेक : म्हणजे धुवायला टाकलाय, बाबा, तो...

आई : तू गप्प बस. पुरे झालं खोटं. कात्री लावली हो मी त्याला. सगळ्या शर्टांना लावली. गोधडी करतेय. तुम्हाला विचारलं नाही.

बाबा : सगळ्यांना?

आई : सगळ्यांना. मला वाटलं, तुम्ही आता घरी यायचे नाही. आणि मला ताप नाही. बसून शिवतेय, लेकीशी हसतेय, लसूण घालून बटाटे केलेत.

लेक : तापाचं मी सांगितलं, बाबा. तिचा काही दोष नाही.

आई : आहे. बोला हो काहीतरी. शिव्या तरी द्या.

बाबा : थांब जरा. बाजूच्या खाटेवरचे कान टवकारून बसलेत, त्यांच्याकडे पाठ करू दे. हं. कापड उभ्या धाग्यात घेतलंस का?

आई : उभंच घेतलं.

बाबा : कॉलरी?

आई : काढल्या. मानेला टोचतात, तुम्हीच सांगायचात.

बाबा : आणि काजं?

आई : शिवून बंद केली.

बाबा : माझी काजं?

आई : बोटं अडकत होती हो त्यांत.

बाबा : अडकणारच. काज आहे ते. बरं, ठेवतो आता. नर्सबाई आल्या.

आई : अहो, ऐका तर...

बाबा : लसूण जपून खा. पित्त होतं तुला.

लेक : ठेवला त्यांनी. आई, रागावलेत का गं?

आई : रागावले असते तर बरं झालं असतं.

लेक : चल, दोन घास खाऊन घे. बटाटे शिजलेत.

आई : राहू देत. ती बारीक टोकाची कात्री दे इकडे.

लेक : आता आणखी काय कापतेस?

आई : कापत नाही. वरच्या फळीवर बरणी आहे बघ, सगळी बटणं काढून ठेवलीत मी त्यात. त्यातली निळी वेगळी कर, रविवारी त्यांना लावायला लागतील.

लेक : आत्ता?

आई : आत्ताच. आणि हे टोक धर, मला काजं उसवू दे.