पात्याला बोट न लावता

केजला मोटारीची वाट बघत विमलबाई लिंबाखाली बसल्या होत्या. शेजारी एक जोडपं होतं, गुरुलिंग आणि बसम्मा. देवीच्या साथीत गुरुलिंगाचे डोळे गेले, तेव्हापासून तो न्हाव्याकडं जाईना. बसम्माच त्याची दाढी करायची. आज मात्र त्यानं गालाला साबण फासला आणि मेव्हण्यानं हैदराबादेहून आणलेला नव्या तऱ्हेचा वस्तरा हाती घेतला.

"कापंल. आणा इकडं," बसम्मा म्हणाली.

"कावून कापंल? पात्यांची डबी वस्तऱ्याला लावून खटका सारला की पातं आपसूक आत जातं. बोट लावायचं कामच न्हाई."

"लेकीच्या सासरी रगताळलेलं तोंड घेऊन जाणार का?"

"हात धरू नगंस. लोटा तेवढा जवळ ठेव."

"हनुवटीपाशी दमानं."

"हनुवटी माझीच हाय, बसम्मा. मला ठावं हाय ती."

विमलबाईंनी हातातली पिशवी घट्ट धरली. गुरुलिंगानं दाढी उरकून लोट्यातल्या पाण्यानं तोंड धुतलं.

"झाली का समदी?"

"लई गुळगुळीत झाली. कानाखाली जरा ऱ्हायलीय."

"कंच्या कानाखाली?"

बसम्माचा हात वर गेला आणि तसाच मांडीवर परतला.

"चाचपून बघा की तुमीच."

त्याची बोटं हळूहळू फिरत डाव्या कानाखाली थांबली.

"ही बघ. घावली."