तरसाचा शेजार

...आणि खोली म्हणाल, तर तिला खोली म्हणणाऱ्याच्या धाडसाला माझा नमस्कार! एक पलंग, त्याच्या डोक्यावर दुसरा पलंग, कपडे अडकवायला एक खिळा, तोही दोघींत मिळून! आणि खिडकी. खिडकी उघडली की समोर काय? तळं? हरणं? छे हो! तरस! प्राणिउद्यानात उमेदवारी करायला गेले होते मी, तिथेच राहायचं, तिथेच शिकायचं... मनात काय, तर मांडीवर बिबट्याचं पिल्लू नि हातात दुधाची बाटली. आणि वाट्याला काय, तर तरसाची म्हातारी मादी, भिंतीला भिंत लावून!

मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे उद्यानाचे प्रमुख. बुटाला चिखल लागू नये म्हणून पिंजऱ्यांची पाहणी गाडीच्या काचेतून करणारा माणूस! म्हटलं, "साहेब, वास येतो हो." तर मान तिरकी करून, नाकातून म्हणतात, "अगंऽ, असा अनुभव विकत मिळत नाही!" कसा मिळेल? घेणार कोण? अनुभव मिळतो म्हणे, अनुभव!

बरं, खोलीत सोबतीण कोण, तर गोडबोली. हे नाव मीच ठेवलंय तिला. तिला सगळंच गोऽड! साळिंदराने पोटरीत काटे घुसवले, ही आपली रक्त पुसत म्हणते, "अगं, बाळ खेळतंय!" मी फिनेलची बादली नि फडा घेऊन शेण ढकलतेय, ही शेणालासुद्धा हसून बघतेय!

आणि ती म्हातारी! तुम्हाला सांगते, दुपारी जरा पाठ टेकावी, तर भिंतीपलीकडून सुरू, "ऊऽऽऽप! ऊऽऽऽप!" मी भिंतीवर बुक्की मारायची, "ए भवाने, गप्प पड!" तर ती आणखी वरच्या पट्टीत! रोज! सासू-सुनांचंसुद्धा इतकं नेमाने चालत नाही हो!

...आणि एके दिवशी आवाजच बंद. खोटं कशाला बोलू, मी मस्त ताणून दिली. दुसऱ्या दुपारीही तेच. पण मग झोपच येईना! उठले, जाऊन बघते तर हाड तसंच पडलेलं, तोंडातून लाळ, एका बाजूचा गाल सुजलेला. धावत साहेबांकडे. "साहेब, म्हातारी खात नाही, ओरडत नाही." साहेब काय म्हणावेत? "ओरडत नाही? छान! आज पाहुणे यायचेत. डॉक्टर जिराफापाशी आहेत, त्यांना त्रास देऊ नकोस."

जिराफाच्या पिल्लाचा वाढदिवस होता ना! फुगे, केक! आता जिराफ केक खातो का? नाही. साहेब खातात! आणि इकडे भिंतीपलीकडे एक जीव लाळ गाळत पडलाय. अनुभव मिळतो म्हणे, अनुभव!

माझं डोकंच फिरलं. तशीच गेले, शेणाचे गमबूट, हातात बादली, थेट पाहुण्यांच्या मधोमध. म्हटलं, "डॉक्टर, तरस मरतंय." साहेब दात न उघडता हसले, "ही आमची... जरा उत्साही आहे." तेवढ्यात एक पाहुण्या बाई पुढे आल्या, "मरतंय? आणि तुम्ही केक कापताय?" झालं! सगळी वरात तरसाकडे!

पण म्हातारी आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात. बाहेर आल्याशिवाय गुंगीचं इंजेक्शन मारायचं कसं? गोडबोली पुढे झाली, "ये ना गं सोन्या, ये ना राणी..." ढिम्म! कान हलेना! मग मीच भिंतीवर बुक्की मारली नि माझ्या ठेवणीतल्या आवाजात, सगळ्यांसमोर, "ए भवाने! मेलीस का? ऊठ!"

...आतून बारीकसं "ऊऽप" आलं हो. आणि म्हातारी धडपडत उठली, लटपटत माझ्यासमोर आली नि जाळीला नाक लावून उभी राहिली. मी हळूच म्हटलं, "आता हलू नकोस, भवाने."

डॉक्टरांनी सडलेला दात काढला. म्हणाले, "उद्यावर गेलं असतं, तर हाती लागली नसती." आणि साहेब, नाकाला रुमाल, पाहुण्यांना सांगतायत, "आमचं प्रत्येक प्राण्याकडे जातीने लक्ष असतं!" जातीने! लाज नावाची वस्तू माणसाने घरी कपाटात ठेवून यावी, ती किती!

माझी मुदत संपतच आली होती. बॅग भरून तयार! तर साहेब दारात. "अगंऽ, ती औषधाचं मांस दुसऱ्या कुणाकडून घेत नाही. तुझ्या सोबतिणीने गाऊनसुद्धा पाहिलं. तू शिव्या दिल्यास की खाते म्हणे. थोडा मुक्काम वाढव. केवढा अनुभव..." मी दार लावून घेतलं. त्यांच्या तोंडावर. आणि बॅग उपसली.

संध्याकाळी आईचा फोन. "अगं, निघालीस का? घरी कधी पोचतेस?"

म्हटलं, "तरसाला विचारून सांगते."

आई म्हणाली, "सासरी नांदणाऱ्या मुलीसुद्धा इतकं विचारून येत नाहीत गं!"

म्हटलं, "आई, ठेवते. त्यांच्या औषधाची वेळ झालीय."