होडीवाला, पान दोनशे बारा

— मग ‘ह’खाली टाक. होडीवाला, पान दोनशे बारा. संपला विषय.

— सर, नामसूचीत कुणाचा धंदा लिहायचा नसतो. तुम्हीच शिकवलंत.

— साडेतीन झालेत. चारला छापखान्याचा माणूस दारात उभा राहील. ग्रीक, चिनी, अरब, जगभरचे सहाशे विचारवंत नीट लावलेस, आणि अडलीस कुठे, तर एका होडीवाल्यापाशी?

— तळटीपेत असता तर सोडून दिलं असतं. पण अख्खं सातवं प्रकरण त्याच्या जिवावर उभं आहे.

— माझ्या जिवावर. त्यानं एक वाक्य टाकलं. तत्त्वज्ञान मी केलं.

— पानं ताडून बघायला तुमची जुनी वही तुम्हीच दिलीत. ‘एकट्याला कळलेलं अर्धंच. दुसऱ्यानं ओ दिली की पुरं होतं.’ वहीत हे तो बोलतो. पुस्तकात तुम्ही.

— वहीत नावही असेल. बघ नीट.

— दोनदा चाळली. होडीची लांबी आहे, वल्ह्याचं लाकूड कुठलं तेही आहे. नाव नाही.

— तीस वर्षांपूर्वी असल्या माणसांची नावं कोण विचारत होतं?

— बाहेरच्या पंडितांनी आपल्या लोकांची नावं गाळली म्हणून प्रस्तावनेत आठ पानं चिडला आहात तुम्ही.

— टोमणे नकोत.

— टोमणा नाही, सर. मला लाज वाटतेय. ही सूची मी माझ्या हातानं देणार नाही.

(सर वही ओढून घेतात आणि पहिल्या पानापासून वाचत बसतात.)

— तो मात्र विचारायचा.

— काय?

— नाव. होडीत बसलेल्या प्रत्येकाला. सांगितल्याशिवाय दोर सोडायचा नाही. मी हसलो, तर म्हणाला, बुडालात तर हाक काय मारू?

— आणि तुम्ही?

— तीन महिने रोज बसलो. रोज नावानं हाक मारायचा मला. मी ‘अहो’वर भागवलं.

— सर, चारला पाच कमी आहेत.

— सूचीत ते वाक्य माझ्या नावावर आहे. माझ्या नावापुढचं दोनशे बारा काढ. छापखान्याला सांग, आज नाही.

— आणि त्याची जागा?

— मोकळी ठेव. सकाळी नदीवर जातो.

— तो आता असेल का?

— मुलं असतील, नातवंडं असतील. आधी माझं नाव सांगेन. मग विचारेन.