एकाच गाडीत चार नाना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक आणि यंदाच्या देखावा स्पर्धेचे परीक्षक, खास गिरगावाहून आलेले माननीय शरच्चंद्र विजयकर सर. प्रमुख पाहुण्या, ज्यांच्या माईकवर हे मंडळ इतकी वर्षं फुकट बोलतंय त्या साउंडवाल्या वैशालीताई मुणगेकर. सत्कारमूर्ती आदरणीय दौलतकाका हडकर. त्यांच्या शेजारी बसलेल्या, आणि खरं म्हणजे त्यांना धरून बसवलेल्या, लक्ष्मीकाकू. लालबागच्या आपल्या सातेरी निवास गणेशोत्सव मंडळाचे आजी-माजी पदाधिकारी, आणि बटाटेवडे आल्याशिवाय टाळी वाजवायची नाही असं ठरवून आलेल्या माझ्या चाळकरी बंधू-भगिनींनो,

मी अनुजा घाडी, मंडळाची कार्यवाह. तुम्ही सगळे मला लहानपणापासून ओळखता, पण सर ओळखत नाहीत म्हणून सांगितलं.

निरोप समारंभ म्हटला की सत्कारमूर्ती कुठेतरी जाणार असतात. कोणी गावाला जातं, कोणी मुलाकडे बदलापूरला जातं. आमचे काका कुठे चाललेत? कुठेही नाही! दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून त्यांची खोली आहे, तिथेच राहणार. उद्या सकाळी नळावर पुन्हा भांडायला आहेतच. मग निरोप कोणाला? तर माईकला. विसर्जन झालं, मांडव उतरला, आणि काकांनी बाप्पाच्या रिकाम्या चौरंगावर हात ठेवून सांगितलं, "यापुढे मी निवेदन करणार नाही. माईकला हात लावणार नाही." आम्ही म्हटलं, राग आहे, जाईल. कसला जातोय! उलट स्वतःच कमिटीपुढे येऊन म्हणाले, "मला रीतसर निरोप द्या. शाल, नारळ, भाषणं, सगळं. म्हणजे परत कोणी दार वाजवायला नको."

आता मंडळी, उघडच सांगते. मी इथे दोन कामांसाठी उभी आहे. काकांना निरोप देणं, हे कमिटीने दिलेलं काम. आणि तो निरोप हाणून पाडणं, हे माझं स्वतःचं. काकू, अशा बघू नका, तुम्हाला कालच सांगितलंय.

सरांसाठी थोडी पार्श्वभूमी. आपल्या मंडळाचा देखावा दरवर्षी ऐतिहासिक असतो. का? इतिहासाचं प्रेम वगैरे आहेच, पण खरं कारण असं की आपल्याकडे माणसाच्या उंचीची एकच मूर्ती धड आहे. प्लास्टरची, डोक्याला पगडी, चेहरा गंभीर. ती पहिल्यांदा आणली नाना फडणवीसांसाठी. पुढच्या वर्षी नवीन मूर्ती परवडेना, तेव्हा कमिटीने विचार केला की या चेहऱ्याला शोभेल असा दुसरा कोण? मग नानासाहेब पेशवे झाले. त्याच्या पुढच्या वर्षी पगडी काढून फेटा बांधला, की झाले क्रांतिसिंह नाना पाटील. आणि यंदा पुन्हा पगडी चढवली, अंगावर नवी शाल घातली, आणि नाना शंकरशेठ उभे केले. इतर मंडळं आधी विषय ठरवतात आणि मग मूर्ती करतात. आपण मूर्तीला विचारून विषय ठरवतो!

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्या देखाव्याचा आवाज रेकॉर्ड केलेला नसतो. काका पडद्यामागे उभे राहून प्रत्येक खेळाला तोंडपाठ बोलतात. हातात कागद नाही, काही नाही. समोर ती मूर्ती आणि हातात वैशालीताईंचा माईक. मी एकदा विचारलं, "काका, रेकॉर्डच करून टाकूया का? घशाला आराम." तर म्हणाले, "मग मी काय करू? खाली उभा राहून माझाच आवाज ऐकू?"

तर यंदाचा विषय होता मुंबईची पहिली आगगाडी, आणि ती आणायला झटलेले नाना शंकरशेठ. बोरीबंदर ते ठाणे. गाडी पुठ्ठ्याची, आणि ती दोरीने ओढायला खजिनदार गुरुदत्त. संध्याकाळी परीक्षक आले. विजयकर सर पहिल्या रांगेत बसले. चाळ श्वास रोखून उभी. पडदा उघडला, दिवा लागला, मूर्तीच्या तोंडावर उजेड पडला, आणि काकांनी तो चेहरा पाहिला. ओळखीचा चेहरा! त्या चेहऱ्याकडे बघून अगदी पहिल्या वर्षी जे म्हटलं, तेच तोंडातून बाहेर आलं. "साडेतीन शहाण्यांतले अर्धे शहाणे... नाना!"

आता इथपर्यंत सावरता आलं असतं. पण काका थांबले नाहीत. त्यांनी नाना फडणवीसांना मेणवलीच्या घाटावरून उठवलं आणि थेट बोरीबंदरला गाडीत बसवलं. ते अठराशे साली वारले होते आणि गाडी त्रेपन्न साली सुटली, हे लक्षात येईपर्यंत गुरुदत्तने दोरी ओढली होती आणि गाडी भायखळ्याला पोचली होती. काका घाबरले. चूक सुधारायला म्हणून म्हणाले, "म्हणजे हे ते नाना नव्हेत, हे दुसरे नाना!" आणि गाडीत चढले नानासाहेब पेशवे. गाडी निघाली कानपूरला. सत्तावन्नचा उठाव सुरू. गुरुदत्तला वाटलं, नवीन स्क्रिप्ट आली असेल. त्याने गाडी मागे घेतली, पुढे घेतली, आणि कानपूर कुठे दाखवायचं ते न कळून पाण्याच्या पिंपामागे नेऊन उभी केली. मागून काकू कुजबुजल्या, "अवो, ह्ये न्हय, ह्ये न्हय, तिसरे!" काकांनी लगेच तिसरे नाना घेतले. नाना पाटील! पत्री सरकार! गाडी साताऱ्याला! ठाणं येईपर्यंत डब्यात चार नाना बसले होते, आणि ज्यांच्यासाठी देखावा केला ते बिचारे शंकरशेठ सगळ्यात शेवटी चढले.

हसताय? हसा. सरही हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, चष्मा काढून पुसला. आणि तिथेच घात झाला. कारण काका पडद्यामागे होते. त्यांना सरांचा चेहरा दिसला नाही, फक्त हसणं ऐकू आलं.

काका, आता मी तुमच्याशी बोलते, वर बघा जरा. तुम्ही माझगावच्या गोदीत जन्म काढलात. तिथे हातोडे पडत असतात, कोणाचं बोलणं कोणाला ऐकू जात नाही, सगळं हातवारे करून. घरी आलात की काकू बोलतात. (काकू, मी चांगल्या अर्थाने म्हणतेय.) वर्षातले गणपतीचे दिवसच काय ते असे, की तुम्ही बोलायचात आणि अख्खं लालबाग रांगेत उभं राहून ऐकायचं. हे तुम्हीच मला सांगितलंत, एकदा मांडवाच्या बांबूला टेकून. आणि त्याच माईकवर तुमचं हसं झालं असं तुम्हाला वाटलं. ते किती लागलं असेल, मला कळतं. मला त्या दिवशी पडद्यामागे येऊन तुमच्याजवळ बसायचं होतं, पण तुम्ही दिवा विझवून निघून गेलात.

पण सर मघाशी तुमचा सत्कार करताना काय म्हणाले ते ऐकलंत का? नाही ऐकलंत, तुम्ही नारळाच्या शेंडीचे केस मोजत होतात. सर म्हणाले, त्या आठवड्यात त्यांनी इतके देखावे बघितले, सगळीकडे रेकॉर्ड केलेले भारदस्त आवाज, आणि त्यातलं आज एक वाक्य आठवत नाही. पण चार नाना घेऊन धावलेली गाडी जन्मात विसरणार नाहीत. बक्षीस मात्र उत्तेजनार्थच दिलं, सर, ते आम्ही विसरणार नाही.

असो. झालं गेलं. काकांनी ठरवलंय, तर आपण कोण बोलणार? पुढच्या वर्षीचं निवेदन मी करणार आहे. कमिटीत ठराव झाला. मूर्ती तीच, फक्त मिशा लावायच्या. विषय आहे बाजीराव. थोडी तयारी केली आहे, तुमच्यासमोर नमुना म्हणून बोलून दाखवते. काका, तुम्ही फक्त ऐका.

"दुसऱ्या बाजीरावांचा घोडा दौडत निघाला! पालखेडला त्यांनी निजामाला असा कोंडला, असा कोंडला..."

काय काका? चुळबुळ का? पाय आखडला का? बसा, बसा. काकू, पाणी द्या त्यांना.

"...निजामाला कोंडल्यावर बाजीराव इंग्रजांची पेन्शन घेऊन ब्रह्मावर्ताला गेले. तिथून परत येऊन त्यांनी माळवा जिंकला..."

काका, उभे का राहिलात? आज तुम्ही सत्कारमूर्ती आहात, निवेदक नाही. मूर्तींनी बोलायचं नसतं. काय म्हणताय? मागच्या रांगेला ऐकू येत नाहीये. नाही, मलाही नाही. मोठ्याने! आता एवढ्या गर्दीत नुसत्या तोंडाने कसं ऐकू जाणार? हे घ्या.

(इथे दौलतकाका माईक घेतात.)

"अगो बाये, पालखेड थोरल्या बाजीरावाचा! ब्रह्मावर्ताक गेलो तो दुसरो! थोरलो रावेरखेडीक नर्मदेच्या काठावर वारलो, तेका कसली पेन्शन आणि कसलो इंग्रज? आणि नीट ऐका, इथेच सगळे फसतात. थोरल्या बाजीरावांचा मुलगा नानासाहेब. दुसऱ्या बाजीरावांचा दत्तक मुलगा, तोही नानासाहेब. पहिला पानिपतच्या वेळचा, दुसरा सत्तावन्नचा. मध्ये जवळजवळ शंभर वर्षं गेली! हा घोटाळा मी करतो म्हणून तुम्ही हसता. अरे, घोटाळा त्यांनीच नावं ठेवताना करून ठेवलाय!"

टाळ्या! वडे यायच्या आधी टाळ्या! सर, तुम्हीच सांगा, बरोबर आहे ना? सर मान डोलावतायत. मंडळी, खरं सांगते, बाजीरावांची अदलाबदल मी मुद्दाम केली, काकांना उठवायला. पण दोन्ही बाजीरावांच्या घरी एकेक नानासाहेब होता, हे मला खरंच माहीत नव्हतं. म्हणजे पुढच्या वर्षी मी त्या गाडीत अजून एक, पाचवा नाना चढवला असता.

आणि काका, आता जरा तुमच्या हाताकडे बघा. काय आहे हातात?

नाही, परत देऊ नका. वैशालीताई, घेऊ नका त्यांच्याकडून! मी हे शेवटचं मोठ्याने ओरडून म्हणते, माझा आवाज खणखणीत आहे.

मा. अध्यक्षांचे आभार, आणि पुढच्या वर्षीही पहिल्या रांगेत बसून असंच हसण्याची विनंती. आता काका पडदा थोडा बाजूला सारून उभे राहतील, म्हणजे त्यांना तुमचा चेहरा दिसेल. वैशालीताईंचे आभार. गुरुदत्तचे आभार, त्याची गाडी अजून पिंपामागेच आहे, ती काढावी. लक्ष्मीकाकूंचे आभार, त्यांनी आज काकांचा हात अगदी वेळेवर सोडला. माझ्या बोलण्यात कोणाचे नाना, कोणाचे बाजीराव इकडचे तिकडे झाले असतील, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. नाहीच राहवलं, तर सरळ दुसऱ्या मजल्यावर जाऊन काकांकडून दुरुस्त करून घ्या, आणि काकांनी केलेली दुरुस्ती गिरगावात सरांकडून एकदा तपासून घ्या.

निरोप रद्द झालेला आहे. काका, ती शाल काढा आणि इकडे द्या. पुढच्या वर्षी बाजीरावांना लागेल.