पोडियमवर ट्रक चढणार नाही!

...नाही, पडद्यांचं जाऊ दे हो! पडदे मी पुन्हा शिवीन. पण अकराव्या मजल्यावरच्या त्या भिंतभर काचांच्या मापाचे पडदे तिसऱ्या मजल्यावरच्या एवढ्याशा खिडकीला लावायचे म्हणजे काय दिसतं सांगू? नाटक सुरू व्हायच्या आधीचं थिएटर! आत कांदे चिरते आहे मी, आणि बाहेरच्याला वाटतंय आता तिसरी घंटा होणार! आणि आमचे हे वर विचारतात, ‘शकू, प्रॉब्लेम काय आहे?’ प्रॉब्लेम काय आहे! मी काही बोलले का? नाही. मी आपली गप्प.

बरं, आमचे हे कोण, ते तरी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई पडद्यांवरूनच सुरू झाली. हे म्हणजे कर्नल मनमोहन धैर्यवान. हसू नका! आडनावच आहे ते. मूळचे गिरगावचे. सासरे हायकोर्टात शिरस्तेदार, आजेसासरे गोदीत हेडक्लार्क, त्यांचे वडील कुठल्याशा साहेबाच्या पेढीवर... सात पिढ्यांनी शस्त्र म्हणून एकच उचललं, टाक! आणि हा त्यांचा मुलगा सिव्हिल इंजिनियर झाला नि थेट सैन्यात गेला. बंदुका चालवायला नाही, पूल बांधायला. सैन्यातले इंजिनियर हो! पुढे फौज, मागे फौज आणि मध्ये नदी, की ह्यांना बोलवायचं. लोखंडी तुकडे मुलांच्या खेळण्यासारखे जोडायचे, पलीकडे ढकलायचे, आणि पहिला ट्रक जाताना स्वतः खाली जाऊन उभं राहायचं. हो, पुलाच्या खाली! मी अरुणाचलमध्ये डोळ्यांनी पाहिलंय. लग्नाला चार महिने झाले होते, हातातली मेंदी गेली तरी कौतुक गेलं नव्हतं, आणि हा माणूस ट्रकाखाली उभा राहून मला हात करतोय. मी आपली गप्प.

अठ्ठावीस वर्षांत सोळा बदल्या झाल्या, तुम्हाला सांगते. सोळा! एका ठिकाणी तर मी कढीलिंबाचं रोप लावलं आणि त्याला चौथं पान फुटायच्या आत ऑर्डर आली. काळ्या ट्रंका, त्यांच्यावर पांढऱ्या अक्षरात नाव, आणि ह्यांचं एक ठरलेलं वाक्य, ‘लेखी आलंय.’ कारण ह्यांचा सगळा संसार एकाच शब्दावर, लेखी! तोंडी सांगितलेलं ह्यांना ऐकूच येत नाही. भाजी आणा म्हटलं तरी, ‘लेखी दे.’

मग झाले रिटायर. चोपन्नाव्या वर्षी. आता चोपन्न हे काय वय आहे? सकाळी पाचला उठून बसायचे, घड्याळाकडे बघायचे, आणि मग माझ्याकडे. तिसऱ्या आठवड्यात माझे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लागले. मी आमच्या अवनीला फोन केला, म्हटलं बाई, बापाला नोकरी बघ, नाहीतर मी बघते!

अवनी आमची लोअर परळला मोठ्या कंपनीत माणसं नेमायचं काम करते. आली, बसली, म्हणाली, ‘बाबा, सीव्ही दाखवा.’ ह्यांनी काढला. तिने वाचला. ‘बाबा, हे ‘शत्रूच्या हद्दीजवळ भूसुरुंग काढले’ असं नाही हो लिहायचं!’ ‘मग काय लिहू? काढले ना!’ ‘रिस्क मॅनेजमेंट लिहा.’ ‘बरं. आणि सातशे जवान?’ ‘टीम.’ ‘आणि बर्फात बावीस दिवस अडकलो ते?’ ‘वर्क फ्रॉम रिमोट लोकेशन.’ अहो, तासाभरात माझा नवरा कोणीतरी वेगळाच झाला! मी तो कागद वाचला, म्हटलं बाई, हे स्थळ मला सांगून आलं असतं तर मी नाही म्हटलं असतं.

पण मिळाली हो नोकरी! करी रोडला मिलच्या जागेवर अठ्ठेचाळीस मजल्यांचा टॉवर झालाय, बिल्डरचं नाव नाही सांगत, उगाच कशाला. त्यांचा मुलगा ध्रुव, तिशीतला, दाढी कोरलेली, पायात मोजे नाहीत. तो मुलाखतीत विचारतो, ‘कर्नल, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?’ हे म्हणाले, ‘जिवंत.’ तो इतका हसला की तिथल्या तिथे नेमणूक! जनरल मॅनेजर, फॅसिलिटीज. म्हणजे काय, तर लिफ्ट, पंप, गळती, आणि कोणाच्या कुत्र्याने कुठे काय केलं. पण... पण त्याच्याबरोबर कंपनीचा फ्लॅट होता. त्याच टॉवरमध्ये, अकराव्या मजल्यावर! खिडकीतून थेट शिवडीची खाडी दिसायची. मी म्हटलं, संपल्या बदल्या. आणि आयुष्यात पहिल्यांदा खिडक्यांची मापं घेऊन पडदे शिवले. आता कळलं पडदे कुठून आले?

पहिल्या दिवशी नऊची मीटिंग होती, हे पावणेनऊला हजर. बाकीचे आले दहाला वीस कमी असताना, हातात कॉफी. सदतिसाव्या मजल्यावरची एक बाई फोन करते, ‘अंकल, मेरा गीझर देखो ना.’ अंकल! ज्या माणसाला सातशे जण सॅल्यूट करायचे तो म्हणतो, ‘मॅडम, लेखी द्या.’ ती म्हणते, व्हॉट्सॲप केलंय ना, अंगठा पण टाकलाय!

आता मुद्द्यावर येते. टॉवरच्या मागे एक सात मजली बिल्डिंग आहे, जुन्या चाळीतल्या लोकांना बांधून दिलेली. सगळी कोकणातली माणसं, तीन पिढ्या मिलमधल्या. आणि दोन्हींच्या मध्ये पोडियम. म्हणजे पहिल्या मजल्याच्या उंचीवर मोठ्ठी गच्ची, वर टॉवरवाल्यांची हिरवळ, कारंजं, आणि त्या गच्चीच्या बरोब्बर खाली मागच्या बिल्डिंगचा हॉल. वर योगा, खाली भजन. असा आपला शेजार!

तिथे शिवा म्हणून पंप ऑपरेटर. ह्याच जागेवरच्या चाळीत जन्मलेला. एक दिवस ह्यांना हळूच म्हणतो, ‘सायबानू, जरा हॉलात येवा. वरसून पाणी गळता, आणि बीमाक चीर पडली हा.’ झालं! हे गेले. कॅरम बोर्डाच्या टेबलावर उताणे झोपले, हातात टॉर्च, आणि पाऊण तास वर बघताहेत. तेवढ्यात सुभद्रामावशी आल्या, हॉलमधल्या भजनी मंडळाच्या प्रमुख, सत्तरी उलटलेली, आवाज मात्र गिरणीच्या भोंग्यासारखा. त्या ओरडल्या, ‘अरे शिवा! ह्यो सायब मेलो की काय?’ हे झोपल्या झोपल्या म्हणाले, ‘अजून नाही. पण ही चीर माझ्या बोटाएवढी आहे.’

ह्यांनी रिपोर्ट लिहिला. सहा पानी. तो वाचला कोणी? कोणी नाही! कारण वर तयारी चालली होती लाँचची. नव्या टॉवरचं लाँच, गुरुवारी संध्याकाळी, पोडियमवर. दलाल येणार, गुंतवणूकदार येणार, सहाशे माणूस नाचणार, आणि मध्यभागी एक ट्रक, ज्याच्यावर सिनेमाच्या पडद्याएवढी लाइटची भिंत. सोळा टन! आणि ध्रुवने ह्यांच्यापुढे कागद सरकवला. ‘कर्नल, एक छोटी सही. पोडियम सेफ आहे म्हणून. फॉर्मॅलिटी.’

हे म्हणाले, ‘ड्रॉइंग दाखवा.’ ड्रॉइंग आलं. त्यात हिरवळ होती, बाकडी होती, ट्रक नव्हता. ‘ट्रक चढणार नाही.’ ध्रुव हसला, ‘अहो सर, तुम्ही तर पुलांवरून रणगाडे नेलेत!’ हे म्हणाले, ‘म्हणूनच.’

आणि एवढं करून थांबतील तर कर्नल कसले? सैन्यात पुलाच्या तोंडाशी गोल पिवळी पाटी असते, किती वजन झेपेल त्याची. ह्यांनी शिवाकडून तशीच रंगवून घेतली. गोल, पिवळी, मध्ये काळा आकडा पाच, म्हणजे पाच टन. आणि लावली पोडियमवर गाड्या चढतात त्या रॅम्पच्या तोंडाला! लोक फोटो काढायला लागले. ‘अंकल, ये फिफ्थ फ्लोअर है क्या?’ एकाने तर तिथे हळदकुंकू वाहिलं. मी काही बोलले? मी आपली गप्प.

बुधवारी दुपारी माझा फोन वाजला. ध्रुव. आवाजात साखर. ‘आंटी, सरांना जरा समजवा ना. सहीच तर आहे. आणि बघा ना... फ्लॅट कंपनीचा आहे. तुम्हाला त्रास व्हावा असं मला अजिबात वाटत नाही.’

आता तुम्हाला खरं सांगते. मी खिडकीपाशी उभी होते. वारा येत होता, पडदे हलत होते, खाडी चमकत होती. आणि माझ्या मनात आलं, सांगावं का ह्यांना? एक सहीच तर आहे. काही होणार नाही. मुंबईत अशी किती छपरं उभी आहेत... आणि मग मला तो कॅरम आठवला आणि त्याच्या शेजारी गुरुवारी टाळ घेऊन बसणाऱ्या चाळीस बायका आठवल्या. मी म्हटलं, ‘बाळ ध्रुव, तू आता जे फ्लॅटबद्दल म्हणालास ना, तेच मला लेखी दे.’

फोन कट! त्या दिवशी हे घरी आले, बूट काढले, आणि जरा चाचरत म्हणाले, ‘शकू... ट्रंका कुठे आहेत?’ म्हटलं, ‘पलंगाखालून काढून पुसून ठेवल्यात. आधी चहा घ्या.’ ह्यांनी चहा घेतला. अठ्ठावीस वर्षांत हा माणूस मला कधी थँक्यू म्हणाला नाही. त्या दिवशीही नाही म्हणाला. पण स्वतःचा कप स्वतः विसळला हो!

गुरुवार उजाडला. ध्रुवने सही दुसऱ्या कुणाची तरी मिळवली होती. हे गेले सुभद्रामावशींकडे, म्हणाले, ‘मावशी, आज हॉल रिकामा करा. वरून धोका आहे.’ मावशी कमरेवर हात ठेवून, ‘गुरवारचा भजन तीस वर्सात चुकूक नाय. गिरणी बंद पडली तेव्वा चुकूक नाय, आता खंयचो चुकवतंस?’ ‘अहो, छत पडेल!’ ‘खालच्यांवर पडतला ना?’ ‘हो!’ मावशींनी टाळ उचलले. ‘मगे आम्ही वरच बसतंव!’

आणि अहो, चाळीस बायका निघाल्या! टाळ, मृदंग, पेटी, चटया, पाण्याच्या बाटल्या, एकीचा गुडघ्याचा पट्टा. थेट रॅम्पवर, त्या पिवळ्या पाटीच्या खाली पंगत धरून बसल्या. मी कुठे होते? मी तिथेच होते! मी म्हटलं, जाऊन बघून तरी येऊ, तर मावशींनी हाताला धरून बसवलं आणि टाळ दिले. सोळा टनांचा ट्रक समोर उभा, हॉर्न वाजवतोय, आणि बायका त्या हॉर्नच्या सुरात सूर मिळवताहेत! मागे पाहुण्यांच्या गाड्यांची रांग थेट करी रोडच्या पुलापर्यंत. दलाल खिडकीतून मोबाइल काढून शूटिंग करताहेत. ध्रुवचा शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. शेवटी धावत ह्यांच्याकडे, ‘कर्नल, प्लीज! तुमचं ऐकतात त्या. उठवा त्यांना!’

हे म्हणाले, ‘मी उठवतो. पण ट्रक चढणार नाही, आणि बीम तपासून होईपर्यंत वर काही कार्यक्रम होणार नाही.’ ‘ओके, ओके, डन!’ ‘लेखी.’ ध्रुवने इकडेतिकडे बघितलं. कागद कुठला? सोनेरी अक्षरांची निमंत्रणपत्रिका होती हातात. तिच्याच पाठीवर, गाडीच्या बॉनेटवर ठेवून, लिहून सही! लाँच झालं खाली पार्किंगमध्ये. दोन खांबांच्या मध्ये लाइटची अर्धीच भिंत दिसत होती म्हणे.

पुढच्या आठवड्यात तपासणीवाले आले. त्यांच्यातल्या एकाने हातोडीने बीमला नुसतं टकटक केलं, तर ताटाएवढा तुकडा सुटून कॅरमच्या मधोमध पडला. आतली सळई पार गंजून पोह्यासारखे पापुद्रे. मग सुभद्रामावशींनी ह्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं मोडली कडाकडा. ह्यांना हजारो सॅल्यूट मिळालेत हो, पण असं गोरंमोरं झालेलं मी ह्यांना कधी पाहिलं नव्हतं.

नोकरी? ती गेलीच की! महिन्याभरात पत्र आलं, ‘कंपनीची पुनर्रचना होत आहे, आपल्या मोलाच्या योगदानाबद्दल आभार.’ ह्यांनी ते फाइलला लावलं. फ्लॅट गेला. मी ट्रंका भरल्या, म्हटलं आता कुठे? तर शिवा दारात. ‘वैनी, माझ्या चुलत्याची तिसऱ्या माळ्यावरची जागा बंद आसा. भाड्याक घेवा. मागल्याच बिल्डिंगीत!’ भजनी मंडळाचे मुलगे आले, सतरावी बदली वीस मिनिटांत आटोपली. मोजलं मी, सत्तर पावलं! तरी ह्यांनी सामानाची यादी तीन प्रतींत केलीच.

मी म्हटलं चला, झालं एकदाचं. आता हे पेपर वाचतील, माझे डबे पुन्हा उंचीप्रमाणे लावतील, लावू देत बापडे. तर गेल्या रविवारी सोसायटीची सभा. मी नुसती मागे बसले होते. मावशी उठल्या, म्हणाल्या, ‘कर्नल सेक्रेटरी!’ आणि तीनशे हात वर. एकमताने! एक विरोध नाही, ‘भाडेकरू सेक्रेटरी कसा?’ असा एक प्रश्न नाही, एक खोकला नाही! हे छाती काढून उभे. डोळे भरलेले. मला म्हणतात, ‘शकू, बघ, लोकांचा केवढा विश्वास!’

विश्वास कसला डोंबलाचा! अहो, फौजेतून माणूस रिटायर होतो, कंपनीतून होतो, पण मुंबईत सोसायटीचा सेक्रेटरी कधी रिटायर झालेला पाहिलाय तुम्ही? होणार कसा? दुसरा कोणी उभाच राहत नाही!