फळ्यावर नसलेली ओळ पुसल्याबाबत

मी, अंगुरीबाई कैलासचंद गंगवाल, वय ६४ वर्षे, व्यवसाय भांड्यांचे दुकान, राहणार शिरपूर जैन, जिल्हा वाशीम. कोणी बोलावले नसताना पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

मी वरील ठिकाणी मुलगा पारस व सून रिंकू यांच्यासह राहते. पती वारले आहेत. माझ्या दुकानाला लागून सैफुद्दीन टेलर यांचे दुकान आहे. ते शाळेचे गणवेश शिवतात. दोन्ही दुकानांच्या मधल्या भिंतीवर एक काळा फळा आहे. भिंत माझी आहे, फळा त्यांचा आहे. त्या फळ्यावर सैफुद्दीन यांनी आमच्या देवाबद्दल घाण शब्द लिहिला अशी तक्रार आली असून त्यांना चौकशीसाठी इथे आणले आहे, असे समजल्यावरून मी आले आहे. तो शब्द फळ्यावर नव्हता.

सैफुद्दीन रोज सकाळी मशीनवर बसण्याआधी मोबाईलवर वाचलेल्या तीन गोष्टी फळ्यावर खडूने लिहितात. एक यंत्राची, एक धर्माची, एक चालू घडामोडीची. कुठे वाचले तेही लिहितात आणि सगळ्यात खाली 'चुकले असेल तर सांगा' अशी ओळ असते. कोणी चूक दाखवली तर दुसऱ्या दिवशी आधी ती दुरुस्त करतात, मग नवीन लिहितात. गावातले लोक चहाचा कप हातात घेऊन तिथे उभे राहतात, वाचतात, वाद घालतात आणि कामाला जातात. धर्माची गोष्ट आम्हा जैनांची असली की सैफुद्दीन आधी माझ्या दुकानात येऊन ती मला वाचून दाखवतात. मी हो म्हटल्यावरच ती फळ्यावर जाते. हे पारसला माहीत आहे.

मंगळवारी सकाळी त्यांनी पुढीलप्रमाणे लिहिले होते. पहिली गोष्ट, परदेशातले इंटरनेट बहुतेक करून समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारांतून येते. दुसरी, सूर्यास्ताआधी जेवणाऱ्यांसाठी आपल्या गावाची सूर्यास्ताची वेळ सांगणारी सोय मोबाईलमध्ये मिळते, कोणाला लावून पाहिजे असेल तर दुकानात यावे. तिसरी, सोयाबीन विक्रीच्या नोंदणीची. यातली दुसरी गोष्ट मला आधी विचारली होती. मी हो म्हटले होते आणि माझ्या मोबाईलमध्ये ती सोय लावूनही घेतली होती. मी फळा वरपासून खालपर्यंत वाचला. शेवटी 'चुकले असेल तर सांगा' हीच ओळ होती.

दहाच्या सुमारास दुकानासमोर गर्दी जमली. गावाच्या मोबाईल ग्रुपवर फळ्याचा फोटो आला होता. फोटोत तीन गोष्टी जशाच्या तशा होत्या आणि शेवटच्या ओळीच्या जागी सैफुद्दीन यांच्यासारख्याच अक्षरात तो शब्द होता. तो मी इथेही सांगणार नाही. ज्याला हौस असेल त्याने फोटोत पाहावा. फोटो कोणी बनवला ते मला माहीत नाही. गावाच्या ग्रुपवर तो पारसने टाकला, हे माहीत आहे. ग्रुप तोच चालवतो.

सगळे जण फळ्याकडे पाठ करून उभे होते आणि मोबाईलमध्ये फळा पाहत होते. मी पायरीवर येऊन म्हणाले, "अरे, मोबाईलमदी कायले पाहून राह्यले? फळा तुमच्या मांगंच हाय, वळून पाहा." ऑटोवाला रतनसिंग म्हणाला, "काकू, याच्यात साफ दिसून राह्यलं ना." मी म्हणाले, "अन् फळ्यावर काय दिसते?" तो वळला, त्याने वाचले. मग म्हणाला, "त्यानं पुसली असन ती ओळ." मी म्हणाले, "त्या जागी दुसरी ओळ लिहेल हाय, तुले दिसत नाही काय?" त्याने पुन्हा मोबाईलमध्ये पाहिले. याच माणसाच्या ऑटोत मी दर महिन्याला वाशीमला जाते. आता जाणार नाही.

तेवढ्यात कोणीतरी ओरडले, "पुसा ते." एका इसमाने माझ्या दुकानातला भांडी पुसण्याचा निळा फडका घेतला, माझ्याच घागरीत ओला केला आणि सगळा फळा पुसून काढला. जी ओळ नव्हती ती पुसायला एवढे लोक आले आणि ज्या होत्या त्या पुसून गेले. आता फळा कोरा आहे आणि फोटो सगळ्यांकडे आहे.

सैफुद्दीन गळ्यात टेप घेऊन बाहेर आले. त्यांना कॉलरला धरून ओढले. मशीन आडवी पाडली. कापलेले गणवेश नालीत टाकले. त्यांनी हात उचलला नाही. मला म्हणाले, "भाभी, तुमी तं वाचलं होतं ना?" मी "वाचलं होतं" असे मोठ्याने म्हणाले. तेव्हा ते ऐकायला कोणी तयार नव्हते, म्हणून इथे सांगत आहे.

दुपारी पारस घरी आला व म्हणाला, "मम्मी, तू मधात पडू नको. चष्म्यातून नीट दिसत नाही म्हणून सांग, विषय खतम." दिवाळीनंतर याच फळ्यावर सैफुद्दीन यांनी लिहिले होते की, आता यंत्राकडून फोटोत कोणाचेही अक्षर बनवून घेता येते, तेव्हा फोटो पाहून भांडू नका. माझ्या चष्म्याची काडी मोडली होती, म्हणून त्या दिवशी पारसनेच ते मला वाचून दाखवले होते. म्हणजे त्याला कळत नाही असे नाही. मला आंधळी ठरवायला निघाला आहे.

मी रागात बोलत आहे असे अंमलदार लालसिंग यांनी म्हटले. होय, मी रागात आहे. तसे लिहावे. ज्या लोकांनी रोज उभे राहून त्या माणसाचे अक्षर वाचले, त्यांना ते पुसताना लाज वाटली नाही, याचा राग आहे. तो निळा फडका मी पिशवीतून आणला आहे. तो वाळला असून त्यावर खडूची पूड आहे. तो जमा करून घ्यावा.

पारस बाहेर मोटारसायकलवर बसला आहे. त्यानेच मला इथे आणून सोडले. मी चष्म्याचे सांगायला आले आहे असे त्याला वाटते.

हाच माझा जबाब. अंमलदार तो मला वाचून दाखवणार होते, मी त्यांच्याकडून कागद घेतला आणि याच चष्म्याने स्वतः वाचला. त्यात एक चूक निघाली. फळा पुसणाऱ्याचे नाव मी सांगितले होते, पण अंमलदारांनी माझ्या तोंडाकडे पाहून 'एका इसमाने' असे लिहिले. ते चुकले आहे, म्हणून सांगते. तो इसम म्हणजे माझा मुलगा पारस कैलासचंद गंगवाल. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. खाली माझी सही आहे, अंगठा नाही.

अंगुरीबाई कैलासचंद गंगवाल